बाबुनावाल्या चाचीचं नाक

चाचीच्या दुकानासमोरून गुपचूप निघून जाणं आर्णीत कोणालाच जमलं नाही. आपण तोंड उघडायच्या आधी तिचं नाक आपली सगळी चौकशी करून मोकळं व्हायचं. मी माझ्या दुकानाचं शटर वर ढकलायची, कुलूप अजून हातातच असायचं, आणि शेजारून आवाज यायचा, "वंदना, मेथी निवडली काय वं सकाळी? आन् दूध बी उतू गेलं तुहं." दोन्ही खरं असायचं. एखादा शेतकरी पायरी चढायच्या आतच ती हात आडवा करायची. "फवारा मारून आला ना बावा? पहले त्या नळावर साबणानं हात धू, मंग ये." तो बिचारा ओशाळून नळाकडे वळायचा. माझा नवरा म्हणायचा, "या बाईला पोलीस खात्यात घ्यायला पाहिजे होतं, कुत्र्यांचा खर्च वाचला असता." चाचीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती रागावली नाही. फक्त मला म्हणाली, "तुह्या नवऱ्याले सांग, बिडी सोडली म्हणते अन् खिशात ठेवते. मले समजते." झालं, त्या दिवशी आमच्या घरी जेवण उशिरा झालं.

तिचं दुकान जडीबुटीचं, आर्णीच्या बाजारओळीत. सासऱ्याने थाटलेलं, नवऱ्याने चालवलेलं, आणि नवरा गेल्यावर ती स्वतः गादीवर बसली. लोक म्हणाले, बाईमाणूस काय बसते बाजारात. ती म्हणाली, "मंग काय उभी राहू?" आणि बसली. तिच्या भिंतीला भिंत लावून माझं लेडीज टेलरचं दुकान. एकीकडे माझ्या मशीनची खडखड, दुसरीकडे तिच्या खलबत्त्याची ठकठक. अशी आमची वर्षं गेली. आता मी यवतमाळला राहते, नवं दुकान आहे, शेजारी एक केकवाला आहे. केक चांगले असतात. पण त्याला माझ्या घरात काय शिजलं ते कळत नाही, आणि खरं सांगते, त्यामुळे मला एकटं वाटतं.

हरडा, बेहडा, शिकेकाई, मुलतानी माती असं शंभर प्रकारचं सामान तिच्याकडे होतं, सगळं पोत्यांत आणि बरण्यांत. एक बाबुना मात्र घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तिच्या उजव्या हाताशी. बाबुना म्हणजे वाळवलेली इवलीशी फुलं, मध्ये पिवळी घुंडी आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या. शिकलेली पोरं त्याला कॅमोमाइल म्हणतात. आपल्या कापूस-तुरीच्या मुलखात तो पिकत नाही. तिकडे उत्तरेत होतो, नागपूरच्या ठोक बाजारात येतो आणि तिथून आर्णीला. चाची त्याला नावाने हाकच मारायची नाही, नुसतं 'फूल' म्हणायची. बाकी सगळं सामान होतं, फूल एकच होतं. म्हणून तिचंही नाव बाबुनावाली चाची पडलं, आणि खरं नाव रेशनकार्डावर राहिलं.

झोप येत नाही त्याला फुलाचा चहा. सर्दीने डोकं जड झालं की वाफारा. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना तिळाच्या तेलात फुलं मुरवून केलेलं तेल. तरण्या पोरींना केस धुवायला उकळलेलं पाणी. पण अंगात ताप आहे म्हटलं की डब्याचं झाकण बंद. "सरकारी दवाखान्यात जा. माह्याकडं फूल हाय, जादू नाई." एकदा एक माणूस हट्टालाच पेटला की त्याच्या बापाच्या छातीतल्या दुखण्याला बाबुनाच पाहिजे. चाचीने दुकान माझ्या हवाली केलं, रिक्षा थांबवली आणि त्या दोघांना स्वतः दवाखान्यात नेऊन घातलं. परत आली ती त्या माणसाला शिव्या देतच.

विकायची तिची एक रीत होती. पुडी बांधायच्या आधी चिमूटभर फुलं ती गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची. "पहले सुंग. तुहं नाक हो म्हणन तं घे." लोकांना घाई असायची, एसटी सुटायची असायची, पण वास घेतल्याशिवाय पुडी मिळायची नाही. घाटंजीकडची एक बाई झोपेसाठी फूल न्यायला आली होती. तिने हात नाकाशी नेला आणि भर दुकानात रडायलाच लागली. का, ते तिलाही सांगता येईना. चाचीने तिला आत बसवलं, स्टोव्हवर चहा टाकला, आणि ती थांबेपर्यंत दुसऱ्या कोणालाही माल दिला नाही. तेव्हापासून मीसुद्धा कापडाचं ठाण घेताना आधी वास घेते. यवतमाळचे दुकानदार हसतात. हसोत बापडे.

व्यापाऱ्यांची मात्र ती गाळण उडवायची. पोतं उघडलं की आधी नाक, मग नख. पिवळी घुंडी नखाने उभी चिरायची. खऱ्या बाबुन्याची घुंडी आतून पोकळ असते, भलत्या फुलाची भरीव निघते. एका दलालाने एकदा भेसळ आणली होती. चाचीने पोत्यात हात घातला नाही, वाकलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "हे गाजरगवत तुह्या घरी लाव बाप्पा, दारापुढं शोभन." तो पुढे कधी आर्णीत दिसला नाही. पण ती एकतर्फी नव्हती. माझ्या मुलीने पुण्याहून त्याच कॅमोमाइलच्या चहाचा छानदार खोका आणला, आत दोऱ्याच्या पिशव्या. चाचीने एक पिशवी टरकन फाडली. "बिचाऱ्या फुलाचं पीठ करून कोंडलं वं!" मग हुंगलं, आणि मान हलवली. "पण वास खरा हाय. ज्यानं भरलं त्यानं बेइमानी नाई केली."

आमच्या वस्तीतून भीमजयंतीची मिरवणूक निघायची तेव्हा बाजारओळीत पहिला माठ चाचीचा असायचा, वाळ्याच्या सरबताचा. आणि रमजानच्या महिन्यात तिच्या सगळ्या गोतावळ्याचे कपडे माझ्या मशीनवर. असं चाललं होतं. चालत राहिलं असतं.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चाची आजारी पडली. वाचली, घरी आली, आणि बरंच अशक्त होऊन एक दिवस दुकानात येऊन बसली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी तिच्यासाठी चहा आणला. तिने सवयीने फुलाचा डबा उघडला, नाकाशी धरला, बंद केला. पुन्हा उघडला.

"वंदना, डब्यातला माल कोणं बदलला वं?"

"कोणीच नाही चाची. तुम्ही बंद करून गेल्या तसाच आहे."

"मंग याच्यात भुसा काहून भरला?"

मी जाऊन वास घेतला. फूल होतं तसंच होतं. माझा चेहरा तिने पाहिला. मग तिने हिंगाची डबी उघडली. उदबत्ती लावली आणि अगदी नाकपुडीजवळ नेली, इतकी की मलाच भीती वाटली भाजेल. काही नाही. हिंगाचासुद्धा वास नाही! तिने सगळी झाकणं एकेक करून लावली आणि त्या दिवशी दुपारीच घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने बाबुना विकणं बंद केलं. बाकीचं सामान डोळ्यांनी पारखून देता येत होतं, ते द्यायची. पण फूल नाही. गिऱ्हाईक अजिजी करायचं, "द्या ना चाची, चांगलंच असेल." ती म्हणायची, "असन. पण मले माहीत नाई ना. मले ज्याचा वास येत नाई ते तुह्या हातावर कसं ठेवू?" मी रागावले, समजावलं, नखाने घुंडी चिरून दाखवली. ती म्हणाली, "नख खोटं-खरं सांगते. चांगलं-वाईट नाकच सांगते."

तिचा मुलगा सलीम नागपूरला नोकरीत. तो वाईट नव्हता, उलट रोज फोन करायचा. "अम्मी, अकेली कब तक बैठोगी?" दुकानाची जागा मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायला कोणीतरी मागत होतं. चाचीने बरेच दिवस टाळलं. शेवटी एकदा माझ्यादेखत फोनवर म्हणाली, "येत्या रमजान ईदपर्यंत पाहीन बेटा. नाक आलं, फूल वळखू आलं, तं इथंच बसन. नाई आलं तं तुह्यासंगं येईन." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तू काहून रडून राह्यली? तुहं नाक तं शाबूत हाय."

मी म्हटलं, "तेच घ्या मग. मी सुंगते तुमच्यासाठी."

"तुह्या नाकात मशीनचं तेल भरलं हाय," ती म्हणाली. पण दुसऱ्या सकाळी तिने चिमूट माझ्याही हातावर ठेवली, एक स्वतःच्या. "सांग, काय येते?"

"चांगला वास येतो."

"चांगला मंजे? मले दिसत नसतं आन् इचारलं असतं लुगडं कोण्या रंगाचं हाय, तं चांगल्या रंगाचं म्हणली असती काय? नीट सांग."

मग तिने शिकवायला घेतलं. स्वतःला येत नसलेला वास ती आठवून आठवून मला सांगायची. "पहले सफरचंद येईन. ताजं नाई, डब्यात इसरलेलं. त्याच्या मांगं वाळलं गवत. आन् त्याच्या बी मांगं, लय दूर, मध. मध आलं तं फूल यंदाचं. नाई आलं तं जुनं." सफरचंद मला लगेच मिळालं. गवत आठवड्याभरात. मध काही केल्या सापडेना. रोज सकाळी आम्ही दोघी बाजारओळीत नाकाशी हात धरून बसायचो, आणि जाणारे-येणारे म्हणायचे, या दोघी कसली प्रार्थना करतात? आणि एका सकाळी आलं. अगदी मागून, हलकेच, पोळ्यातला मध असतो तसा. "आलं चाची!" मी ओरडले. ती पाठ फिरवून बरण्या नीट लावायला लागली. रडत होती. तिने शिकवलेला वास मला येत होता, आणि तिला नव्हता.

हिवाळा गेला, रमजान लागला. सलीमला दाखवायला म्हणा किंवा स्वतःची समजूत घालायला म्हणा, तिने नागपूरहून बाबुन्याचं नवीन पोतं मागवलं. मी वास घेतला, सफरचंद, गवत, मध, सगळं जागेवर. तिने नखाने तपासलं. पोतं आत ठेवलं.

तिसऱ्या सकाळी मी येते तर काय, चाची रस्त्यावर, पदर नाकाला, आणि घंटागाडीवाला तेच अख्खं पोतं कचऱ्यात उपडं करतोय! "सडला वं, पोतंभर माल सडला! उंदीर मेला असन आत!"

"अहो परवा तर ठणठणीत होता!"

"तुह्या नाकावर इसवास ठेवला, तेच चुकलं माह्यं."

मला राग आला. असा राग मला नवऱ्याचाही येत नाही. एवढे महिने सकाळी-सकाळी नाकाशी हात धरून बसले ते याच्यासाठी? रस्त्यावर सांडलेली मूठभर फुलं मी उचलली, वास घेतला. एक नंबर माल! "घ्या, तुम्हीच सुंगा," म्हणून हात पुढे केला तर ती ओकारी आल्यासारखी मागे सरकली. "जळलं रबर हाय, रबर!" मी तिच्याच फळीवरची मोगऱ्याच्या अत्तराची कुपी उघडली. "आणि हे?" तिने तोंड फिरवलं. "ते बी सडलं!" मी माझी वेणी पुढे ओढली, सकाळीच तेल लावलं होतं. "आणि हे?" "थू! ते बी तसंच!"

"म्हणजे अख्खं आर्णी सडलं का चाची?" मी किंचाळले.

ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

"चाची," मी म्हटलं, "वास येऊन राह्यला तुम्हाला."

ती पायरीवर मटकन बसली. "घाण येऊन राह्यली," ती हळूच म्हणाली.

"येऊन तर राह्यली ना!"

आम्ही हसलो, रडलो, आणि मग पोत्याची आठवण झाली. घंटागाडी गाणं वाजवत केव्हाच पुढच्या गल्लीत गेली होती. तो सगळा रस्ता त्या दिवशी सफरचंदासारखा दरवळत होता. हे मी सांगितलं, चाचीला ते रबरच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आमचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरेचदा नाक असंच जागं होतं, आधी उलटसुलट वास येतात, रोज वास घेत राहा. पण पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. चाचीने यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

मग काय विचारता! रोज सकाळी बातमी. "आज जिऱ्याचा वास आला, जिऱ्यासारखा." "आज साबण आला." कपड्यांच्या ढिगात बुडालेली मी मशीनवरूनच ओरडायची, "आणि फूल?" ती म्हणायची, "रबर." पुढे रबरही गेलं आणि फुलाच्या जागी काहीच येईना. ईद तोंडावर आली. शेवटच्या आठवड्यात तिने सकाळची चिमूट घेणं सोडलं आणि मुकाट्याने बरण्या बांधायला काढल्या.

"बाकी सगळं तर यायला लागलं ना चाची," मी म्हटलं.

"सगळं आलं. पण मी सलीमले फुलाचं बोललती." तिने तो पत्र्याचा डबा पुसून माझ्या हातात दिला, आतल्या फुलांसकट. "हा तुह्याजवळ ठेव. मोबाईलवाल्यापाशी काय करन हा बिचारा?" मी तो पोटाशी धरला.

ईद झाली. दुसऱ्या दिवशी, बासी ईदेला, टेम्पो दारात लागला. सलीम बायको-मुलीसह आला होता, मुलगी तीन-चार महिन्यांची, गोरीपान, आणि उन्हाने अंगभर घामोळं आलेलं. चाचीच्या घरची भांडीकुंडी तर पोत्यात गेलेली. मी सूनबाईला म्हटलं, चल माझ्याकडे, तिला आंघोळ घालू. पाणी तापवलं, डब्यातली मूठभर फुलं उकळून गाळून त्यात घातली. पोरगी पाण्यात अशी खूश झाली की बाहेर निघायलाच तयार नाही. तिला पुसून, झबलं घालून आम्ही दुकानाशी आलो तेव्हा अर्धं सामान टेम्पोत चढलेलं होतं. चाची पायरीवर बसून ते बघत होती. तिचा चेहरा मला बघवेना.

सुनेने मुलगी तिच्या मांडीवर दिली. चाचीने तिचा मुका घ्यायला मान खाली केली, आणि तिथेच थांबली. नाक त्या ओल्या जावळावर. हलेचना.

"अम्मी, तबियत ठीक है ना?" सलीम घाबरला.

चाचीने हात वर करून त्याला गप्प केलं. डोळे मिटलेले. "सफरचंद," ती पुटपुटली.

मी सुनेचा हात घट्ट धरला.

"गवत," चाची म्हणाली. मग तिने नाक आणखी खाली नेलं, लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला, इकडून घेतला, तिकडून घेतला. आम्ही तिघंही श्वास धरून उभे. टेम्पोवाला पोतं पाठीवर घेऊन मध्येच उभा. आणि हळूहळू चाचीच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिने डोळे उघडले, ते थेट माझ्यावर.

"मध काहून नाई? वंदना! माह्या नातीच्या आंगाले जुनं फूल लावलं तुवा?"

"तुम्हीच दिलेल्या डब्यातला आहे चाची!"

"तो डबा आठवणीले देल्ता, आंघोळीले नाई! सालभराचं मेलेलं फूल! लाज नाई वाटली तुले? इतके दिवस काय शिकवलं मी तुले? पोरीचं आंग पाह्य, किती नाजूक हाय! ताजं फूल नसन तं सांगायचं, मी मागवलं असतं ना नागपूरहून!"

भर बाजारओळीत ती मला झापत होती, आणि मी भोकाड पसरून रडत होते, आणि हो चाची, चुकलं चाची, आणखी बोला चाची, असं म्हणत होते. लोक जमले. सलीम कितीतरी वेळ आईकडे बघत राहिला. मग बाहीने डोळे पुसून तो टेम्पोकडे वळला.

"उतार दो भाई," तो म्हणाला. "सब उतार दो."